गजर पारूसाठी होता

विश्वास ठेवायचा की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवावं. पण विनीतानं हे स्वतः भोगलं, आणि शेवटची पहाट तिच्या वडिलांनी डोळ्यांनी पाहिली. यात पदरचं काही घातलेलं नाही.

लातूर जिल्हा तेव्हा नवा-नवा होता. कचेऱ्या नव्या, टेबलं नवी, साहेब नवे. पाणी तेवढं नव्हतं. पाऊस दगा देऊन गेला होता. नळ आठवड्यातून एखाद्या पहाटे यायचा... तोही करंगळीएवढा.

विनीता नांदेडची. आई लहानपणीच गेलेली. वडिलांनी, रेणुकादासांनी, एकट्यानं वाढवलं. रोज सकाळी हाका मारून मारून तेच उठवायचे, कारण पोरीची झोप मुलखाची गाढ.

टायपिस्टची नोकरी लागली आणि ती लातूरला आली. औशाच्या रस्त्याला एक खोली घेतली. खोली नवीकोरी. भिंतींना अजून चुन्याचा वास. तिच्याआधी तिथं कुणी राहिलंच नव्हतं.

हे मुद्दाम सांगतोय.

पहिल्या दोन्ही वेळा नळ आला आणि विनीता झोपूनच राहिली.

"यव्वा, किती बोंबलायचं तुझ्या नावानं?" शेजारच्या दारातून घरमालकीण रत्नम्मा म्हणाली. "पाणी काय तुझी वाट बघत बसतंय व्हय? गजराचं घड्याळ घे एखादं."

गंजगोलाईजवळ मलप्पाचं घड्याळं दुरुस्त करायचं लहानसं दुकान होतं. त्यानं एकेक गजर वाजवून दाखवला. असे खणखणले की विनीतानं कानांवर हात ठेवले.

"असला नको हो. दचकून उठलं की दिवसभर छातीत धडधडतं."

मलप्पानं मागच्या फळीवरून एक घड्याळ काढलं. पिस्त्याच्या रंगाचं, गोल, तळहातावर मावेल एवढं. खाली इवलेसे पितळी पाय. अंक ठसठशीत. गजराची कळ अशी की अंधारातही बोटाला सापडावी.

त्यानं गजर लावला... आणि विनीता हसली.

लांबून कुणीतरी पैंजण घालून येत असावं, तसा आवाज. आधी हलका. मग जरा जवळ.

"हे झोपमोड करत न्हाई," मलप्पा म्हणाला. "उठवतंय."

"कुणाचं होतं?"

"भंगारात आलतं. कुणाचं ते काय म्हाईत?"

त्या घड्याळानं विनीताचे दिवस सोपे केले. गावात ओळखीचं कुणी नव्हतं. संध्याकाळी खोलीत आलं की बोलायला भिंत. पण पहाटे तो गजर वाजला की वाटायचं, कुणीतरी आपल्यासाठी जागं आहे.

मग एका पहाटे गजर वाजला... आणि तिचा हात पोचायच्या आधीच थांबला.

कळ खाली दाबलेली होती.

झोपेत आपणच दाबली असेल, असं तिनं मनाला सांगितलं.

दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी गजर थांबला आणि पाठोपाठ... हाक आली.

"पारू... ऊठ ग बाळ."

बाईचा आवाज. मऊ. अगदी उशाशी.

सकाळी तिनं रत्नम्माला विचारलं, "पारू कोण हो तुमच्याकडं?"

"आमच्यात कुणी न्हाई पारू-बिरू." रत्नम्माचा हात घागरीवरच थांबला. "कुणी हाक मारली? तू ओ तर दिली न्हाईस?"

"नाही."

"देऊ नको. ज्याची हाक त्यालाच ओ देऊ दे."

विनीतानं घड्याळ पेटीत ठेवलं. ठेवलं खरं... पण दुसऱ्या दिवशी तिला जाग आली ती ऊन तोंडावर आल्यावर. कुणी उठवलं नव्हतं. खोली सुनसान. दिवसभर तिला कुणी नावानं हाक मारली नाही. कचेरीत ती नुसती 'टायपिस्टबाई' होती.

संध्याकाळी तिनं घड्याळ बाहेर काढलं. चावी दिली.

पहाटे गजर वाजला. थांबला.

"पारू... ऊठ ग बाळ."

आणि विनीता म्हणाली, "उठले."

काही झालं नाही. कुणी दिसलं नाही. पण ती उठून बसली, तेव्हा तिच्या पाठीवर वेणी रुळत होती. घट्ट, तीन पेडांची. केसांना खोबरेल तेलाचा वास.

रात्री तर ती केस मोकळे सोडून झोपली होती...

विनीता घाबरली नाही. ती रडली. तिची वेणी आजवर कधी कुणी घातलीच नव्हती.

त्यानंतर ती सुट्टीला नांदेडला जाईना. दिवस मावळला की अंथरुणात शिरायची. अंग वाळत चाललं. कचेरीत कुणी 'विनीता' म्हटलं तरी मान वर होईना.

पोरगी येत नाही म्हटल्यावर रेणुकादासच एसटीनं आले. दारात तिला बघून चरकले. दोन घट्ट वेण्या, लाल रिबिनी.

"हे काय विनू, शाळेतल्या पोरीसारखं?"

ती नुसती हसली. चहा विचारायचंही तिला सुचलं नाही.

रेणुकादास खाली सतरंजीवर झोपले. झोपले कसले, पडून राहिले. पहाटे तो गजर वाजला. पैंजण जवळ आले... आणि त्यांच्या डोळ्यांदेखत कळ आपोआप खाली गेली.

"पारू... ऊठ ग बाळ."

"उठले, आई." विनीता डोळे मिटूनच बोलली. आवाज पाच-सहा वर्षांच्या पोरीचा.

मग उशीवरचे तिचे केस हळूच वर उचलले गेले.

तीन पेड वेगळे झाले. एकमेकांवरून जाऊ लागले... सावकाश, मायेनं.

"विनू!" रेणुकादास किंचाळले. ती वळली नाही. त्यांनी तिला गदागदा हलवलं. "विनीता! अग ए विनीता!"

केस उशीवर पडले. तिनं डोळे उघडले आणि वडिलांकडं बघितलं.

"कोण तुम्ही?"

रेणुकादासांनी तिचा हात धरला, पेटी उचलली आणि उजाडताच निघाले. घड्याळ फळीवर तसंच ठेवलं. फाटकाशी आले तोच आत गजर वाजू लागला. लावलेला नसताना.

या वेळी तो कुणी थांबवला नाही. वाजतच राहिला...

विनीता जागीच थांबली. "बाबा, ती एकटीच राहील हो."

"चल, पोरी."

तिला सावरायला वर्ष गेलं. पुढं नांदेडलाच दुसरी नोकरी लागली, लग्न झालं, घर माणसांनी भरलं. बऱ्याच वर्षांनी एका दुपारी अहमदपूरच्या बसस्टँडवर तिला रत्नम्मा भेटली. इकडचं तिकडचं झालं, आणि रत्नम्मानं आवाज खाली आणला.

"तुझ्यामागं एक नर्सबाई राहायला आलती. लहान पोरगी संगं. आईला कामाची घाई, पोरगी दिवसभर एकटी. ते घड्याळ मी फेकून देणार होते ग. पण पोरीनं उरापासून सोडलंच न्हाई."

"मग?"

"लई शहाणी झाली पोरगी. आपली आपण उठायची, वेण्या घालून बसायची. आई खूश. फकस्त..."

"फक्त काय?"

"आपल्या नावाला ओ देईना झाली."

"कुठं आहेत त्या?"

"बदली झाली की. उदगीरकडं गेल्या म्हणतात. घड्याळ घेऊनच गेली पोरगी."

तेवढ्यात नांदेडची गाडी लागली. विनीता खिडकीशी बसली. उदगीरला तिनं नंतर दोन फेऱ्या मारल्या, दवाखान्यांतून चौकशी केली. त्या मायलेकींचा पत्ता काही लागला नाही.

पण त्या दुपारी गाडीत बसल्या-बसल्या तिला आधी काळजी वाटली नव्हती. भीतीही नाही.

आधी तिला त्या पोरीचा हेवा वाटला होता.

हे सांगताना ती आजही खाली बघते.