दयाळाची शीळ, रानमांजराची हाक

होळी जवळ आली होती, गहू पिवळा पडला होता, आणि अल्लीपूरच्या नाल्याकाठी नलू शेताच्या बांधावर श्वास रोखून बसली होती. बोरीच्या झुडपाआड रानमांजर! वर फांदीवर काळापांढरा दयाळ पक्षी, शेपटी उडवत गाण्यात दंग. बी.एस्सी.च्या सरांनी तिला याच दोघांच्या आवाजांची तुलना करायला सांगितली होती, आणि दोघं एकाच जागी... नलू हरखूनच गेली.

"हाड् हाड्!" मागून कोणीतरी ओरडलं. मांजर पसार, पक्षी भुर्र.

"काऊन वरडले जी?" नलू उसळलीच.

"मले वाटलं... पक्ष्याले खाते ते." शेजारच्या शेतातला चंद्रभान ओशाळला.

"जास्त करून उंदरं खाते ते! तुमच्या गव्हाची फुकटात राखण करून राह्यलं, अन् तुमी त्यालेच हाकलता!"

चंद्रभान हसला, आणि नलूचा राग कुठल्या कुठे पळाला. त्यानंतर तो तिला मांजराच्या वाटा दाखवायचा. दयाळासारखी शीळ तर अशी घालायचा, की खरा पक्षी उत्तर द्यायला यायचा. नलू वही मिटून पक्ष्याऐवजी त्याच्याकडेच बघत राहायची. पण स्वारी शिळेपुढे एक शब्द सरकेल तर शपथ!

शेवटी शनिवारी तिनेच विषय काढला. "उद्या पुलगावचे पावणे पाहाले येऊन राह्यले."

"मांजर? मंग सकायीच येजा म्हन त्यायले. ऊन चढल्यावर नाई दिसत ते."

नलूने कपाळावर हात मारला. "मांजर नाई, मले!"

चंद्रभानचा चेहरा खर्रकन उतरला. "मंग... तुयं ठरलं?"

"माह्यं ठरलं हाय. तुमचं सांगा." नलूचे कान लाल झाले, पण नजर हलली नाही. "दयाळात नर गाते, मादी आइकत बसते. रानमांजरात मादीबी हाक मारते. मी मांजराच्या जातीची हाय. मारली हाक! यायचं असन त पावण्याईच्या आधी या."

"अन्... नाई आलो त?"

"तरी पुलगावले नाईच म्हनीन. लगन करीन त तुमच्याशीच."

रविवारी सकाळी नलूचे वडील बाबाराव अंगणात खाटेवर बसले होते. चंद्रभान नवा सदरा घालून समोर उभा राहिला.

"काय काम काढलं बापा?"

चंद्रभानने तोंड उघडलं. आवाजच फुटेना. दाराआड नलूचा जीव टांगणीला... आता हा माणूस शीळ घालतो की काय!

"म्याव," ती हळूच म्हणाली.

चंद्रभान ताठ उभा राहिला. "पाहाले आलो जी. नलूले."

बाबारावांनी त्याच्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि मिशीतल्या मिशीत हसले.

"नले, चहा टाक," ते म्हणाले. "अन् पुलगावच्यायले निरोप धाडतो. मांजर आडवं गेलं म्हना."