सतत कोणीतरी मागत असलेला धडा

काम तसं साधं होतं. शाळेचा कॅश सर्व्हर रांगत होता, तो चालता करायचा. एकाने उघडलेलं पान हा सर्व्हर स्वतःजवळ ठेवतो आणि दुसऱ्याने मागितलं की बाहेर न धावता घरातूनच काढून देतो. पण तो बसवणाऱ्या संगणकाच्या सरांनी अख्खी डिस्क त्याच्या हवाली केली होती. एवढ्या साठ्यात काय कुठे आहे हे लक्षात ठेवायला मेमरीही तशीच लागते, आणि ती होती टीचभर. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे मास्तरांनाच कोणी शिकवलं नव्हतं, असं मी बोलून गेलो आणि जीभ चावली. शेजारी उभ्या असलेल्या ग्रंथपाल बाई सरांच्या पत्नी होत्या. सर जाऊन वर्ष झालं होतं.

बाई हसल्या. "घरीही तसंच. काही म्हणजे काही टाकू द्यायचे नाहीत." मग हळूच म्हणाल्या, "मुलांसाठी त्यांनी धडे रेकॉर्ड केले होते. ती साइट बंद पडली. त्यांचा आवाज माझ्याकडे कुठेच नाही हो... यात असेल?"

काय सांगणार? जे बरेच दिवस कोणी मागत नाही, ते सर्व्हर आधी फेकतो. साठा कमी केला की उरलंसुरलंही जाणार. तरी शोधलं.

जिन्याखालच्या त्या खोलीला खिडकी नव्हती. तापलेल्या धुळीचा वास होता आणि पंख्याची एकसुरी घरघर. एक धडा सापडला. यादीच्या तळाशी नाही, अगदी वर. आत्ताच कोणीतरी मागितला होता. बघता बघता पुन्हा मागितला.

"मुलं ऐकत असतील..."

"बाई, आज सुट्टी आहे ना?"

मागणी कुठल्या संगणकावरून येते ते पाहिलं. पडद्यावर त्याचा नेटवर्कवरचा आकडा आला. बाईंनी तो वाचला आणि माझ्यामागचं कपाट उघडलं. आत सरांचा संगणक होता. त्यावर त्यांच्याच अक्षरात तोच आकडा चिकटवलेला, आणि वायर गुंडाळून वर ठेवलेली.

खोटं कशाला बोलू, पळून जावंसं वाटलं. पण जे कोणी होतं ते तो धडा टाकू देत नव्हतं, एवढं मला कळलं. मी आधी धडा बाईंच्या पेनड्राइव्हवर उतरवला, मगच साठा मेमरीला झेपेल इतका आवळला. सर्व्हर सुरळीत धावू लागला. मागणी थांबली.

मग धडा लावला. अपूर्णांक होते. सर मुलांची थट्टा करत शिकवत होते, आणि बाई डोळे पुसत हसत होत्या. धडा संपला. आवाज जरा थांबला आणि अगदी जवळून म्हणाला, "बरं... येतो हं."

"हे यात नव्हतं, रेकॉर्ड करताना मी समोरच होते," बाई पुटपुटल्या. "शेवटच्या सकाळी घाईघाईत घराबाहेर पडले. 'येतो' म्हणायचं राहूनच गेलं. वर्षभर तेच सलत होतं मला."

मला भरून आलं. म्हटलं, चला, राहिलेला निरोप पोचला.

बाईंना तो निरोप वाटला नसावा. त्या उठल्या, केस सारखे केले आणि उजळल्या चेहऱ्याने दाराची कडी काढली. आमच्या डोक्यावर, जिन्यावरून कोणीतरी सावकाश उतरत होतं.