अंबारखान्यातली तहान

दुबई मरीनातल्या त्या फ्लॅटमध्ये माणसं तीनच: विद्युल्लता, तिचा नवरा संग्राम आणि शाळकरी शिवानी. तरी पिण्याचं पाणी पुरेना. बाटल्या पोचवणारा शाहबाज दारात थबकून म्हणाला, "भाभी, मेहमान आये हैं क्या? कल ही तो देके गया."

विद्युल्लताला आधी गळती वाटली. तिने डिस्पेन्सरची नळी तपासली, फरशीवर हात फिरवला. सगळं कोरडं.

मग एका दुपारी ऑफिसचा मेल लिहिताना तिला स्वयंपाकघरातून गुडगुड ऐकू आली. ती उठून गेली. डिस्पेन्सरवरच्या बाटलीत बुडबुडे चढत होते, पाणी सरसर खाली जात होतं. नळाखाली थेंबही पडत नव्हता. मध्येच क्षणभर थांबायचं, पुन्हा गुडगुड. एकाचं पिऊन झालं की दुसऱ्याने पुढे यावं, तसं.

शाळेतून आलेल्या शिवानीने दारातच नाक दाबलं. "ममा, व्हाय डझ इट स्मेल लाइक शीप?"

घामाचा आणि मेंढरांच्या लोकरीचा वास होता खरा.

संध्याकाळी हे ऐकून संग्रामचा चेहरा उतरला. त्याने सांगितलं, त्याचे पणजोबा कर्नाटकच्या सीमेवरच्या एका छोट्या संस्थानचे राजे. चराईवर बसवलेल्या पट्टीवरून तिथल्या धनगरवाड्या त्यांच्यावर उठल्या होत्या. पणजोबांनी बोलणी करायला म्हणून पुढाऱ्यांना राजवाड्यात बोलावलं आणि धान्याच्या अंबारखान्यात कोंडलं. ऐन उन्हाळा होता.

"मग?"

"मग काय, बंड मोडलं."

"पाणी दिलं होतं त्यांना?"

संग्रामने टॉवेल खांद्यावर टाकला. "लता, बंडखोर होते ते. राज्य असंच राखावं लागतं. खलास, विषय संपला."

स्वयंपाकघरातली गुडगुड थांबली.

तो अंघोळीला गेला. शॉवरचा आवाज ऐकून तिला जरा हायसं वाटलं.

थोड्या वेळाने बाथरूमच्या दारावर आतून थाप पडली. मग थापांवर थापा.

"लता, कडी काढ ना."

"अरे, कडी आतून आहे."

तिने हँडल दाबलं. ते सहज फिरलं. दार हललं नाही.

तिच्या दोन्ही खांद्यांना उबदार, खरखरीत लोकर घासली. तिने मान वळवली नाही.

आत शॉवर भरभरून वाहत होता. त्याच्याआडून संग्रामचा घोगरा आवाज आला, "लता, घोटभर पाणी दे."