डाव्या दाराला हँडल नको

ही गोष्ट घडलेली आहे.

ज्याला पटत नसेल त्यानं इथंच थांबावं. मला कुणाची मनधरणी करायची सवय नाही. माझा धाकटा दीर रंगनाथ आणि त्याची बायको विमल, दोघांनी मला हे एकेकट्यानं सांगितलं, आणि दोघांचं शब्दाला शब्द जुळलं. एरवी त्या दोघांचं आमटीतल्या मिठावरसुद्धा जुळत नाही.

भुतं रात्रीच निघतात असं शहाणे लोक सांगतात. सांगोत बापडे.

ही भर दुपारची गोष्ट आहे. साल त्र्याहत्तर, दुष्काळाचा उन्हाळा. जागा नगरजवळचं केडगाव, पुणे रस्त्याच्या कडेचं रंगनाथचं पत्र्याचं दुकान.

रंगनाथ गाद्या भरायचा, मोटारींच्या सीटा शिवायचा. हे काम तो नगरच्या एका म्हाताऱ्या पिंजाऱ्याकडे शिकला. त्या उस्तादानं त्याला एक नेम घालून दिला होता. जुनी गादी उसवायच्या आधी विचारायचं, "हिच्यावर निजणारं माणूस हाय का गेलं?" गेलं असेल तर तो कापूस दुसऱ्या खोळीत भरायचा नाही. ओढ्याला नेऊन जाळून टाकायचा.

लोक हसायचे. एका बाईनं तर उत्तर दिलं होतं, "हाय बाबा, पण नसल्यासारखाच." तरी रंगनाथनं विचारायचं सोडलं नाही.

पण मोटारीला हे कोण विचारतं? मोटारीत माणूस बसतं, निजत नाही.

तिथंच तो चुकला.

श्रीरामपूरकडचा एक बागाईतदार होता, आप्पासाहेब. बोटात अंगठ्या, तोंडात पान, आणि जगावर उपकार केल्यासारखी चाल. तो एक दिवस आपली जुनी गाडी घेऊन आला. इंग्रजांच्या वेळची शर्यतीची मोटार. तांबडी, ठेंगणी, दोनच माणसांची. कापडी छप्पर कधीच फाटून गेलेलं. वर नुसतं आभाळ.

दारांना आतून कातड्यानं मढवलेल्या फळ्या होत्या. पॅनेल म्हणतात त्याला. दोन्ही कुजली होती. ती नवी करायची होती.

"हुबेहूब पायजे," आप्पासाहेब म्हणाला. "आतलं भरण जुनंच घाल. घोड्याच्या केसाचं हाय, तसलं आता मिळत न्हाई."

"घालतो की."

"आन् डाव्या दाराला आतून हँडल नको. भोकच पाडू नको."

रंगनाथला हसू आलं. "मंग बसनाऱ्यानं उतरायचं कसं, आप्पासाहेब?"

आप्पासाहेब हसला नाही.

"मी उतरवीन तवा."

गाडी ठेवून तो गेला. रंगनाथनं जुनी पॅनेलं उतरवली. उजवं नुसतंच कुजलेलं होतं. डाव्यावर मात्र, हँडल असायला हवं त्या जागी, कातड्यावर ओरखडे होते. एकाला एक लागून. खोल.

"मांजर कोंडलं असंल," तो म्हणाला.

मग कातडं उसवलं. उजव्या दारातले केस आखूड, राठ, सुंभासारखे. डाव्या दारातले...

लांब. मऊ. काळेभोर.

"घोडी येगळी असंल," रंगनाथ विमलला म्हणाला.

विमलनं ते केस हातात घेतले, हुंगले. "खोबरेल लावनारी घोडी व्हय?"

दोघं हसली. मूर्खासारखी हसली, असं विमलच म्हणते.

रंगनाथचा हात साफ. जुनी फळी नव्या प्लायवूडवर ठेवायची, पेन्सिल फिरवायची, कापायचं, केस पसरायचे, वरून रेक्झिन ताणून मागच्या बाजूला बारीक खिळे मारायचे. उजवं पॅनेल आरशासारखं सपाट बसलं.

डावं बसेना.

संध्याकाळी ताणून ठेवलेलं रेक्झिन सकाळी मधोमध फुगलेलं असायचं. दाबलं की बसायचं. पाठ फिरवली की...

टक. टक.

"वाळवी," रंगनाथ म्हणाला.

वाळवी लाकूड खाते. टिचक्या मारत नाही. पण पुरुषमाणसाला आपलं काम बिघडलंय हे कबूल करण्यापेक्षा वाळवी बरी वाटते.

शेवटी त्यानं ठरवलं, गाडीला बसवून स्क्रू आवळले की आपोआप सपाट होईल. विमलला सातवा महिना होता. तरी ती म्हणाली, "मी आत बसून दाबून धरते, तुमी वरनं वाका आन् आवळा." छप्पर नाही, त्यामुळं बाहेर उभं राहून वाकलं की हात पोचत होता.

दुपार टळटळीत. आळीतली माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेली. मी नगरला बाजारात. विमल डाव्या सीटवर बसली. दार नुसतं ओढून घेतलं. दोन्ही तळव्यांनी पॅनेल दाबून धरलं.

रंगनाथनं शेवटचा स्क्रू आवळला.

आणि एकाएकी... सगळं गप्प झालं.

रस्त्यावर ट्रक नाही. पत्र्यावर कावळा नाही. निंबाचं पानसुद्धा वाजेना.

खट्ट.

दाराची कडी आपली आपण बसली.

"अवो," विमल म्हणाली, "छप्पर कशाला वढलं?"

रंगनाथनं वर बघितलं. वर ऊन होतं. नुसतं ऊन.

"कसलं छप्पर?"

"लई अंधार झालाय. दार उघडा."

त्याला थट्टा वाटली. मग त्यानं तिचे डोळे बघितले. ती थेट सूर्याकडं बघत होती. पापणी लवत नव्हती.

त्यानं बाहेरचं हँडल फिरवलं. फिरलं. दार हललं नाही. पाय लावून ओढलं. नाही.

"उभी ऱ्हा! अगं, नुसती उभी ऱ्हा, भायेरच हायेस तू!"

विमल उठायला गेली.

ठप्प...

तिचं डोकं कशाला तरी आपटलं. वर काही नव्हतं. तरी आपटलं. ती परत सीटवर कोसळली. रंगनाथनं वरून हात घालून तिच्या काखा धरल्या आणि उचललं. पुन्हा तोच आवाज. ठप्प. विमल कळवळली.

तिला श्वास पुरेना. एक हात पोटावर, दुसऱ्या हातानं ती पॅनेल खरवडायला लागली. नेमकं हँडलच्या जागी.

तिच्या बोटांशेजारी रेक्झिन वर आलं.

आधी एक फुगवटा... मग दुसरा... मग पाची.

आतून कुणाचा तरी पंजा तिच्या पंजाला लागला होता.

विमलचे ओठ हलले. आवाज तिचा नव्हता. घोगरा, थकलेला, थोराड बाईचा आवाज.

"धनी, उघडा... न्हाई जात मी म्हायेरी... न्हाई जात..."

पळावंसं वाटलं, हे रंगनाथनं स्वतः सांगितलं. पळून गेला असता तरी कुणी बघायला नव्हतं. पण आत त्याची बायको होती, तिच्या पोटात लेकरू होतं, आणि तिचे ओठ निळे पडत चालले होते.

हँडल नको. भोकच पाडू नको.

त्याच्या डोक्यात उजेड पडला. त्यानं पटाशी आणि हातोडी उचलली, वरून वाकला, आणि जिथं ओरखडे होते त्या जागी घाव घातला. रेक्झिन फाटलं. दुसरा घाव. फळी चिरली.

तिसऱ्या घावाला पटाशी आत गेली...

आणि आतून कुणीतरी तिचं टोक धरून ओढलं.

पटाशी त्याच्या हातातून निसटून आरपार गेली. भोक पडलं.

खट्ट.

दार उघडलं. विमल धुळीत पडली. त्यानं तिला ओढत रांजणापाशी नेलं, तोंडावर पाणी मारलं. तिनं मोठ्ठा श्वास घेतला आणि पहिलं वाक्य बोलली.

"ती कुनीकडं गेली?"

गाडीच्या दारापासून धुळीत अनवाणी पावलं उमटली होती. अरुंद, टाच ओढत चालल्यासारखी. रस्त्यापर्यंत गेली होती. तिथून पुण्याकडं नाही. नगरकडं. श्रीरामपूरला तिकडूनच जातात.

रंगनाथनं डावं पॅनेल उचकटलं. केस जाळून टाकावेत म्हणून रेक्झिन उलगडलं.

आत कोरी फळी. केस... एकही नाही.

सांजेला आप्पासाहेब गाडी न्यायला आला. रंगनाथनं आधी विचारायचं ते आता विचारलं. "डाव्या सीटवर बसनारं मानूस हाय का गेलं?"

आप्पासाहेब गाडीपाशी गेला. त्याची नजर दारावर होती.

"भोक कुनी पाडलं?"

"मी."

"कुनीकडं गेली?"

रंगनाथनं नगरकडं बोट केलं. आप्पासाहेबाच्या तोंडातलं पान गळून पडलं. गाडीला हातसुद्धा न लावता तो पुण्याच्या रस्त्यानं चालायला लागला. चालता चालता पळायला लागला.

गाडी पुढं त्याचा कुणी भाचा ओढून घेऊन गेला. मामी माहेरी म्हणून गाडीत बसल्या त्या पुन्हा कुणाला दिसल्याच नाहीत, एवढंच तो बोलला. आप्पासाहेबाचं काय झालं ते मी विचारलं नाही. असल्या माणसाचं सुतकसुद्धा मला नको.

विमलला पोरगी झाली. धडधाकट, माझ्यासारखी भांडखोर. सगळं ठीक झालं म्हणायचं.

फक्त एक राहिलं. विमल दारापाशी थांबते. दार सताड उघडं असलं तरी थांबते. कुणी तिचं नाव घेऊन "ये" म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. आधी मी फटकारायची, "महाराणी, पालखी धाडू का?" पुढं फटकारायचं सोडलं. नाव घेऊन बोलवायला लागले.

परवा मात्र चुकले. भाकरी थापत होते, पाठ दाराकडं. दारात सावली पडली. मी मान न वळवताच म्हणाले, "ये गं, उघडंच हाय."

पावलं आत आली. माझ्यामागून माजघरात गेली.

मग दारातून विमलचा आवाज आला.

"जाऊबाई... मी अजून भायेरच हाय. तुमी कुनाला आत घेतलं?"

मी चिमणी लावून माजघराचा कोपरान् कोपरा बघितला. कुणी सापडलं नाही.

पण बाहेर जातानाही कुणी दिसलेलं नाही.