पेटीतली दहावी चिठ्ठी

लिनक्स ही संगणकप्रणाली शिकणाऱ्यांच्या मंडळाची व्याख्यानं ठरवावीत तर ताईंनीच. छापखान्यात पानं लावण्यात वीस वर्षं गेलेली. कुठे काय बसतं हे त्यांना नजरेनेच कळायचं. सभा संपली की वाचनालयाच्या माडीवर त्या प्रश्नांची पेटी उघडायच्या आणि चिठ्ठ्यांचे दोन गठ्ठे करायच्या, एक नवख्यांचा, एक जाणकारांचा. त्यावरून पुढच्या महिन्याची दोन व्याख्यानं ठरत.

मार्चमध्ये माणसं नऊ आणि चिठ्ठ्या दहा निघाल्या. दहावी जांभळ्या शाईत, अक्षर डावीकडे कललेलं: ‘मी अगदीच नवीन आहे. सुरुवात कुठून करू?’

"टाकल्या असतील कुणीतरी दोन," म्हणत ताईंनी ती नवख्यांत ठेवली.

पुढच्या महिन्यात त्याच अक्षरात फाइलींच्या परवानग्यांबद्दल प्रश्न आला. मग नेटवर्क, मग थेट लिनक्सच्या गाभ्यातलं काहीतरी. आठ महिन्यांत ते अक्षर जाणकारांच्या गठ्ठ्यात जाऊन बसलं. ताईंना कोण कौतुक! पण अक्षर कुणाचं, ते एकालाही सांगता येईना.

त्यातच ग्रंथपालबाईंनी बजावलं, "ताई, तुमच्याकडे नवीन माणूस येतो आणि पळून जातो. एक तरी तयार झालेला दाखवा, नाहीतर खोली दुसऱ्यांना देते."

"एकच ना? दाखवते की!" ताई ठसक्यात म्हणाल्या.

त्या दिवशीच्या जांभळ्या चिठ्ठीत होतं, ‘पुढचं व्याख्यान मी देऊ?’ ताईंनी लगेच फळ्यावर लिहून टाकलं: वक्ता, आपल्यातलंच एक माणूस.

रविवारी सकाळी दहाला सगळे जमले. ताई मुद्दाम मागच्या रांगेत बसल्या. दहा वाजून पाच मिनिटं झाली तरी फळ्यापुढे कुणी नाही. ताईंनी वळून दाराकडे पाहिलं.

तेवढ्यात सगळे एकदम हसले.

माना समोर. वह्यांत भराभर लिहिणं चाललेलं. ग्रंथपालबाई मान डोलावत होत्या.

समोर कुणीच नव्हतं.

"अहो, बघताय कुणाकडे?" ताईंनी शेजारच्याला विचारलं.

त्याने वहीचं पान उलटलं.

टाळ्या पडल्या. ग्रंथपालबाई फळ्यापाशी गेल्या आणि रिकाम्या जागेपुढे हात जोडून म्हणाल्या, "झकास समजावलंत हो, ताई! खोली तुमचीच."

ताई ओरडल्या. घसा बसेपर्यंत ओरडल्या.

खुर्च्या रचल्या गेल्या. दाराला बाहेरून कुलूप लागलं.

टेबलावर पेटी, एक कोरी चिठ्ठी आणि जांभळं पेन. ठीक आहे, ताईंनी स्वतःला बजावलं, पुढच्या महिन्यात पेटी तर उघडतीलच.

‘मी अगदीच नवीन आहे,’ त्यांनी लिहिलं.

अक्षर डावीकडे कललं होतं.