अमृतची बॅटरी उतरते कशानं?

त्या सकाळी बजरंगभाऊ साखरपुड्याला वडगावला गेले नसते, तर सोमाटणे फाट्यावरच्या त्यांच्या बॅटरीच्या दुकानात त्यांची लेक हर्षदा एकटी नसती. आणि ती एकटी नसती, तर आजारी लेकराला दवाखान्यात आणावं तशी बॅटरी पोटाशी धरून आलेला तो उंच, सावळा तरुण तिच्या वाट्याला आलाच नसता. योग म्हणतात तो हाच.

"परवा फुल चार्ज केली होती," तो म्हणाला. "आज मेली."

"मेली काय म्हणता! उतरली म्हणा."

तो हसला. हर्षदानं घाईघाईनं मीटरमध्ये डोकं घातलं. हसू बघायचं तर बॅटरी कोण बघणार?

त्याचं नाव अमृत, गाव सुदुंबरे. गाडीच्या मागं जोडायचा जुना कॅम्पर ट्रेलर त्यानं घेतला होता, म्हणजे बिछाना आणि ओट्यासकट चाकांवरची एक खोलीच. नव्या वर्षात त्यातून गावोगावच्या शाळांत दुर्बीण घेऊन जायचं, पोरांना आकाश दाखवायचं, असा त्याचा बेत. दुर्बीण फिरवणारी मोटर चालते बॅटरीवर. आणि बॅटरी तर अंगणात उभ्या गाडीतच उतरत होती!

हर्षदानं ती चार्ज केली, लोड लावून तपासली. एकदम ठणठणीत.

चार दिवसांनी स्वारी परत हजर.

"पुन्हा?"

"पुन्हा."

"मेन स्विच बंद करता ना? की... मुद्दाम उतरवून आणता?"

"छे हो, आज मुद्दाम नाही," तो साळसूदपणे म्हणाला. "पुढच्या वेळचं मात्र सांगता येत नाही."

हर्षदा कानापर्यंत लाल झाली. बरं झालं, बजरंगभाऊ तेव्हा पाठमोरे होते.

चार्जिंग होईतो दिवस मावळला. बॅटरी चालते का बघू म्हणून अमृतनं दुकानामागच्या मोकळ्या जागेत दुर्बीण लावली. वर अर्धा चंद्र होता.

"डोळा लावा... इथं."

तिनं डोळा लावला आणि श्वास घ्यायचाच विसरली. तो रोजचा चंद्र नव्हताच. डोंगर होते, खड्डे होते, खड्ड्यांच्या काठांवर ऊन होतं आणि तळाशी काळीभोर सावली. हायवेवरून ट्रक धडधडत होते, पण तिला काही ऐकू येईना.

"आता मोटर बंद करतो. बघत राहा."

चंद्र हळूहळू बाजूला जाऊ लागला... कडेला गेला... आणि निघूनच गेला.

"अगं बाई, सरकला!"

"तो नाही फारसा. आपण सरकलो. पृथ्वी फिरतेय ना. मोटर चालू असली की दुर्बीण उलटी फिरून तेवढं भरून काढते."

हर्षदानं पायाखाली पाहिलं. ती, दुकान, टायरवाल्याचं खोपटं, अख्खा सोमाटणे फाटा — सगळं फिरत होतं, आणि हे तिला आजवर कुणी असं दाखवलंच नव्हतं! तिच्या डोळ्यांत पाणी आलं. अमृत त्या पाण्याकडे बघत राहिला. तिच्याइतकाच तोही थक्क झाला होता.

"हे पोरांना दाखवायचंय," तो हळूच म्हणाला. "पण आई... बॅटरी उतरली की ती जेवत नाही. का, ते सांगत नाही. काल म्हणाली, जाऊच नको. पुन्हा उतरली तर राहतो घरीच. तिला रडवून कसं जाऊ?"

हर्षदाच्या मनात दोन गोष्टी एकदमच आल्या. बॅटरी टिकली तर हा वर्षभर जाणार. नाही टिकली तर राहणार, पण त्याचं आभाळ जाणार.

"रविवारी मी येते," ती म्हणाली. "नुसती बॅटरी बघून काय कळतंय! गाडीच बघायला हवी."

रविवारी सुदुंबऱ्यात ट्रेलरचं सगळं बंद करून तिनं तारेला मीटर लावला. वीज वाहतच होती! तिनं एकेक फ्यूज काढला. आकडा हलला नाही. उरली एकच जाड तार, मेन स्विचला वळसा घालून थेट बिछान्याखालच्या इन्व्हर्टरला गेलेली.

"तो मी वापरतच नाही. गाडीबरोबर आलाय," अमृत म्हणाला आणि चहा आणायला घरात गेला.

इन्व्हर्टरवर हिरवा दिवा लागला होता. त्यातून निघालेली वायर कोपऱ्यातल्या कपाटात शिरत होती. हर्षदानं कपाट उघडलं, आणि तिचे हात आपोआप जुळले. आत वाघजाई देवीचा फोटो, दोन ताजी झेंडूची फुलं आणि विजेचा एक इवलासा दिवा, मंद तेवणारा.

"म्याच लावलाय." मागं अमृतची आई, हिराबाई उभ्या होत्या. "मानूस लांबच्या वाटंला निघालं, की अखंड दिवा लावायचा आसतो. गाडीत त्याल कोन घालनार? म्हनून तळेगावातनं ह्यो आनला. पन दर खेपंला इजतोय गं... लेकाचं काय बरंवाईट..." त्यांनी हर्षदाचा हात धरला. "त्येला सांगू नगंस. ऱ्हाऊ दे घरीच."

हर्षदालाही तेच हवं होतं. अगदी तेच! कपाट लावायचं, 'काही सापडत नाही' म्हणायचं, की झालं.

चहा घेऊन अमृत आला. "सापडलं?"

हर्षदानं त्याच्याकडे पाहिलं. तिच्या पायाखालची जमीन फिरते, हे तिला दाखवणारा माणूस अंगणात अडकवून ठेवायचा? तिच्यानं होईना.

"सापडलं," ती म्हणाली. "मावशी, दिवा इतका लहान की दाणाभर वीज खाईल. पण त्याच्यासाठी हा इन्व्हर्टर रात्रंदिवस जागा राहतो आणि ताटभर खातो. तो बॅटरी संपवतो, मग दिवा विझतो. अपशकुन कसला? तुमची माया आहे ती."

हिराबाई आधी रडल्या, मग हसल्या. अमृतनं त्यांना जवळ घेतलं. "आई, एवढंच होतं, तर बोलायचं नाही का?"

"बोलले आसते, तर तू हसला आसतास."

"नसतो हसलो," तो म्हणाला.

वाघजाई घरातल्या देव्हाऱ्यात गेली. हिराबाईंनी समईत तेल घातलं, वात सारखी केली, काडेपेटी उचलली आणि थांबल्या.

"जो वाट बघनार, त्यानं लावायचा आसतो ह्यो," त्या हर्षदाकडे बघत म्हणाल्या. "मी तर हायेच..."

हर्षदानं काडेपेटी घेतली. पहिली काडी विझली. दुसरी तिनं ओंजळीत जपली आणि वात लागली.

अमृत दारात खिळून उभा होता. "हर्षदा... मी गेलोच नाही तर?"

"तर मी दिवा कशाला लावला?" ती वळली. डोळे भरले होते, पण आवाज स्वच्छ होता. "आवडतोस तू मला. म्हणून तर जा. मन मारून घरी बसलेला अमृत मला नको, अख्खा हवाय."