दोनदा मोजलेलं रबर

पांढरकवड्याच्या बायपासवर वर्षा राठोडची स्कूटी पंक्चर झाली, म्हणून ती संघर्ष भगतच्या टायरच्या दुकानात थांबली. एप्रिलचं ऊन, तापलेल्या रबराचा उग्र वास... सोबतचा चुरगळलेला तक्ता सरळ करायला तिनं तो बाकावर पसरला. एम.एस्सी.च्या प्रदर्शनासाठी केलेला. नैसर्गिक रबराची आयात : एकीकडे युरोपीय संघ, दुसरीकडे भारत.

ट्यूब पाण्यात बुडवता बुडवता संघर्षनं मान तिरकी करून तो वाचला.

"मॅडम, युरोपाची बेरीज फुगली हाये."

"तुम्ही पंक्चर काढा."

"काढून राह्यलो नं. पण सांगा... केरळचं रबर नागपूरले उतरते, मंग माह्याकडं येते. नागपूरवाला आलेला माल वहीत लिहिते, मीबी लिहितो. म्हणून रबर दुप्पट झालं का?"

वर्षानं तक्त्यावरचे आकडे पुन्हा पाहिले. तिनं संघातल्या सत्तावीसही देशांच्या आयातीची सरळ बेरीज केली होती. एका देशाच्या बंदरात उतरलेलं रबर शेजारच्या देशात गेलं, की दोन्ही देश ते आयात म्हणून लिहीत. भारतात एका राज्यातून दुसऱ्यात गेलेला माल आयातीत धरतच नाहीत. मग तुलना व्हायची कशी? घरी जाऊन तिनं आपसातली ने-आण वजा केली, तेव्हा आलेखातला युरोपचा उंच खांब चांगलाच खाली आला.

दुसऱ्या दिवशी ती सांगायला गेली. संघर्षनं आधी स्कूटीची दोन्ही चाकं पाहिली.

"हवा तर बरोबर हाये. मंग काहून आल्या?"

"चूक कबूल करायला."

"एवढी मोठी चूक... रोज थोडी थोडी कबूल करा," तो म्हणाला, आणि तिला हसू आवरलं नाही.

ती खरंच रोज जाऊ लागली. महिन्याभरात ही गोष्ट तिच्या बंजारा तांड्यावर पोचली. तिचे वडील किसनसिंग आवाज न चढवता बोलले : पोरगा आपल्या जातीचा नाही, पुन्हा तिथं दिसलीस तर नागपूरची पीएच.डी. विसर.

प्रदर्शन यवतमाळला होतं. मार्गदर्शक सरांनी सुचवलं, दुकानदाराचं नाव खाली आभारात टाक. वर्षानं ऐकलं नाही. ज्यानं चूक पकडली तो अभ्यासाचा भागीदार, असं म्हणून तिनं तक्त्याच्या माथ्यावर आपल्या नावाशेजारी त्याचं नाव ठळक अक्षरांत लिहिलं.

मांडणीसाठी रबराचे नमुने घेऊन आलेल्या संघर्षनं ते वाचलं आणि त्याचा चेहरा उतरला. तुमचे वडील येणार हायेत, खोडून टाका, तुमचं शिक्षण बंद पडलं तर मले झोप यायची नाही, असं तो हळू आवाजात विनवत राहिला. वर्षानं पेनाला टोपण लावलं आणि पेन पर्समध्ये टाकलं.

किसनसिंग आले. त्यांनी तक्त्याच्या माथ्यावर बोट ठेवलं.

"हे दुसरं नाव कोनाचं?"

"याचं, बापू. संघर्ष. माझं गणित यानं दुरुस्त केलं." तिनं नजर हलू दिली नाही. "पीएच.डी. मी करणारच. स्कॉलरशिपवर करीन. आणि लग्नही याच्याशीच करणार."

शेजारच्या टेबलावरचे लोक वळून पाहू लागले.

"मॅडम," मागून संघर्ष म्हणाला, "मले तर इचारलंच नाही..."

"आता विचारते. बोल लवकर."

संघर्ष रबराचे तुकडे खाली ठेवून पुढं आला, तिच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला आणि थेट किसनसिंगांकडे पाहून म्हणाला, "हो."